बर्फ, मीठ आणि आइसक्रीम : एक प्रात्यक्षिक पाठ
(इयत्ता ६ वी व ७ वी, सामान्य विज्ञान)

उन्हाळ्यात गारेगारवाल्याची घंटा वाजली की मुलांचे लक्ष फळ्यावरून उडते. या ओढीचाच शिक्षकाने उपयोग करून घ्यावा. ‘बर्फ वितळताना उष्णता शोषून घेतो’ हे वाक्य मुले पाठ म्हणतात. परंतु ‘बर्फात ठेवलेले गोड दूध गोठेल काय?’ असे विचारल्यास बहुतेक मुले ‘हो’ म्हणतात. वस्तुतः ते गोठत नाही. वाक्य पाठ असणे आणि त्याचा अर्थ कळणे यांतील हे अंतर प्रस्तुत पाठाने दूर करावयाचे आहे.

साहित्य : म्हशीचे दूध १ लिटर, साखर १२५ ग्रॅम, आरारूट १ चमचा, वेलदोडे, घट्ट झाकणाचा २ लिटरचा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा, मोठी बादली, फोडलेला बर्फ ५ किलो, जाडे मीठ दीड किलो, गोणपाट, लाकडी उलथणे.

पूर्वतयारी : दूध उकळून पाऊणपट होईपर्यंत आटवावे. थोड्या गार दुधात कालवलेले आरारूट, साखर व वेलदोड्याची पूड घालून पुन्हा एक उकळी आणावी. मिश्रण पूर्ण थंड होऊ द्यावे. कोमट राहिल्यास बर्फ व्यर्थ जातो.

कृती : प्रथम वाटीभर मिश्रण नुसत्या बर्फात ठेवावे आणि प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा. उरलेले मिश्रण डब्यात भरून डबा बादलीत ठेवावा. भोवती बर्फ व मीठ यांचे थर द्यावेत. प्रमाण तीन भाग बर्फास एक भाग मीठ असे असावे. थर झाकणाच्या खालीच राहावेत, नाहीतर खारे पाणी आत शिरते. बादलीस गोणपाट गुंडाळून मुलांनी पाळीपाळीने डबा फिरवीत राहावे. दर पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडावे व कडेला गोठलेला थर खरवडून मिसळावा. असे न केल्यास बर्फाचे मोठे स्फटिक बनून आइसक्रीम करकरीत होते. सुमारे पाऊण तासात ते दाट होते.

तत्त्व : वितळणारा नुसता बर्फ ० अंश सेल्सिअसवरच राहतो, साखर घातलेले दूध गोठण्यास त्याहूनही कमी तापमान लागते. खारे पाणी ० अंशावर गोठत नाही, म्हणून मीठ घातलेला बर्फ ० अंशाखालीही वितळत राहतो. १ ग्रॅम बर्फाचे पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती डब्यातील दुधातून व भोवतालच्या खाऱ्या पाण्यातून घेतली जाते. या मिश्रणाचे तापमान अधिकात अधिक उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. माठातील पाण्याचे उदाहरण येथे द्यावे : तेथे पाण्याची वाफ होताना उष्णता खेचली जाते, येथे बर्फाचे पाणी होताना. ‘मीठच थंड असते’ हा समज अशा रीतीने दूर होतो. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या महिलेने १८४३ मध्ये हाताने फिरवावयाच्या आइसक्रीम-यंत्राचे पेटंट घेतले, त्याचेही तत्त्व हेच होय.

वरून घालावयाचे पदार्थ : १०० ग्रॅम गूळ पाव वाटी पाण्यात उकळून व गाळून केलेला पाक, भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट, हंगामात आमरस. शेंगदाणे न सोसणाऱ्या मुलाची आधी चौकशी करावी.

खबरदारी : कारखान्यातील बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही. खाण्यास अयोग्य बर्फास निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. बर्फ कोणताही असो, तो दुधात पडू देऊ नये. मीठ-बर्फाचे मिश्रण मुलांनी हातात धरू नये. त्वचेस इजा होते. तापमान मोजण्यास ताप पाहण्याचा थर्मामीटर चालत नाही. उरलेले खारे पाणी शाळेच्या बागेत ओतू नये.

समारोप : साहित्यासाठी मुलांकडून वर्गणी घेऊ नये. सर्वांनी एका पंगतीत बसून दोन-दोन चमचे खावे. त्यानंतर नुसत्या बर्फातील वाटी समोर आणावी. ती पातळच का राहिली, हे प्रत्येकाने आपल्या अंदाजाखाली स्वतःच्या शब्दांत लिहावे. जे मूल ते लिहू शकेल, त्यास पाठ समजला असे मानावे.