चौघांचा संसार

व्हायोलिनची आठवी ग्रेड झाली की आईवडील प्रमाणपत्रांची फाइल घेऊन भेटायला येतात. मुलगी शेजारी गप्प बसलेली असते. वडिलांचा प्रश्न ठरलेला: ‘‘यात पोट भरेल का?’’ आईचा वेगळा: ‘‘सोलोइस्ट होईल का?’’ मी आधी मुलीकडे वळते आणि विचारते, ‘‘तू कुणाबरोबर वाजवतेस?’’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘‘टीचरबरोबर.’’ किंवा मोबाइलवरच्या ट्रॅकबरोबर.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या परीक्षा मंडळांची आठवी ग्रेड म्हणजे शिखर, असा आपल्याकडे समज आहे. युरोपातल्या संगीत महाविद्यालयात तो जेमतेम उंबरठा. तिथे फाइल कुणी उघडत नाही, वाजवून दाखवावं लागतं. आणि तिथून बाहेर पडणाऱ्यांपैकी सोलोइस्ट म्हणून जगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे दुसऱ्यांबरोबर वाजवून जगतात. म्हणून माझा पहिला प्रश्न तो.

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गणेशोत्सवातला सिनेगीतांचा कार्यक्रम आठवतो. पाश्चात्त्य शास्त्रीय ऑर्केस्ट्रात साठ-ऐंशी वादक आणि समोर कंडक्टर असतो. चेंबर म्युझिकमध्ये दोघांपासून आठ-नऊ जणांपर्यंत वादक, प्रत्येकाची ओळ वेगळी आणि ती वाजवणारा तो एकटाच. कंडक्टर नाही. चेंबर म्हणजे खोली. आपल्याकडच्या खासगी बैठकीच्या जवळची गोष्ट. त्यातला सगळ्यात मानाचा प्रकार स्ट्रिंग क्वार्टेट: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. एकट्या हायडनने 68 क्वार्टेट लिहिले, बेथोवनने 16. जन्मभर पुरेल इतकं काम तिथेच आहे.

पण वाजवणं हा या करिअरचा अर्धाच भाग. सुरुवात कधी करायची हे पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या श्वासावरून आणि गज उचलण्यावरून बाकीच्या तिघांनी ओळखायचं असतं. लय किती, कुठे थांबायचं, गज वर न्यायचा की खाली, यावर तालमीत तासन् तास वाद होतात. मग तेच चौघं एकत्र प्रवास करतात, एकाच हॉटेलात उतरतात, जमाखर्चही मिळूनच मांडतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अमाडेयस क्वार्टेटने जवळपास चाळीस वर्षं एकही माणूस बदलला नाही. 1987 मध्ये त्यांचे व्हायोलावादक पीटर शिडलॉफ गेले, तेव्हा उरलेल्या तिघांनी दुसरा न शोधता क्वार्टेटच बंद केला. ग्वारनेरी क्वार्टेट 1964 ते 2009 चालला आणि तेवढ्या काळात एकदाच चेलोवादक बदलला. असे संसार थोडे. बरेचसे क्वार्टेट कॉलेज संपल्यावर दोन-तीन वर्षांत मोडतात. कुणाला ऑर्केस्ट्रात पक्की नोकरी लागते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाचं कुणाशी पटत नाही.

आता वडिलांचा प्रश्न. कार्यक्रमाच्या मानधनातून एजंटचं कमिशन, प्रवास आणि राहणं वजा होतं. उरलेल्याचे चार भाग. चेलोचं विमानात वेगळं तिकीट काढावं लागतं, तेही यातूनच. त्यामुळे नुसत्या कार्यक्रमांवर जगणारे क्वार्टेट जगातही मोजकेच. ज्यांची नावं आपण ऐकतो, त्यांच्यामागे बहुधा एखादं विद्यापीठ असतं. टोकियो क्वार्टेटची स्थापना 1969 ची. 1976 पासून 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत तो येल विद्यापीठाशी जोडलेला होता. तिथे शिकवायचं आणि जगभर वाजवायचं. बाकीच्यांची कमाई तुकड्यातुकड्यांची: काही शिकवण्या, ऑर्केस्ट्रात हंगामी काम, थोडं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग, आणि मधोमध तो क्वार्टेट, ज्याच्यासाठी बाकी सगळं करायचं. महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार जमा होण्याची सवय असलेल्या घराला हे पचायला वेळ लागतो. लागू द्या. पण मुलीला याचा अंदाज अठराव्या वर्षीच द्यायला हवा.

मुंबईला हे अगदीच परकं नाही. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि इथेच क्वार्टेटही चालवला. त्याच्या तालमी घरात होत, आणि ते ऐकत वाढलेला मुलगा म्हणजे झुबिन मेहता. मेहली पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात गेले, तिथून फिलाडेल्फियाला कर्टिस क्वार्टेटमध्ये, आणि मग लॉस एंजेलिसला जाऊन तरुणांचा ऑर्केस्ट्रा घडवला. ऑर्केस्ट्रा, क्वार्टेट, शिकवणं: वर सांगितलेले तिन्ही तुकडे एकाच आयुष्यात आहेत.

गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. त्या जोरावर गोव्याचे वादक मुंबईच्या सिनेसंगीतात पिढ्यान् पिढ्या टिकले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. सिंथेसायझर आल्यावर त्या स्टुडिओतली गर्दी ओसरली, आणि एकाच प्रकारच्या कामावर विसंबून राहिलेल्यांचे हाल झाले. आज मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, 2006 पासून. हंगामात त्यात परदेशी वादक मोठ्या संख्येने येतात. मुंबईतच राहणारे वादक चेंबर संगीतही वाजवतात आणि मुलांना शिकवतात. देशात पक्क्या जागा इतक्या थोड्या आहेत, की बाहेर शिकायला जाणं जवळपास अटळ आहे.

बाहेर म्हणजे कर्ज काढूनच, असंही नाही. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत 1928 पासून कुणाकडूनच शिकवणी शुल्क घेत नाहीत, पण जागा अगदी कमी. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत महाविद्यालयांत फी नाममात्र असते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो पडतात. जर्मन भाषा आधीपासून शिकावी लागते. ब्रिटनचे अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. बारावीचा निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्यांचं वर्ष तिथेच जातं. आणि संस्थेच्या नावापेक्षा शिक्षक कोण आणि तिथे पहिल्या वर्षापासून क्वार्टेट वाजवायला मिळतो का, हे आधी विचारा.

मुलीत हा पिंड आहे का, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. पाहायचं असेल तर तिची तालीम पाहा. न पाहिलेली ओळ समोर ठेवली तर ती चुकतमाकत पुढे जाते की थांबून पहिल्यापासून सुरू करते? दुसरं व्हायोलिन दिलं तर तोंड वाकडं करते का? दुसऱ्याची चूक झाली तर त्याला सावरून घेते की त्याच्याकडे रागाने बघते? वेळेवर पोचते का? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण क्वार्टेट मोडण्याची कारणं विचारलीत तर तो वरच्या क्रमांकावर सापडेल.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी सहा महिने एवढं करा. घराजवळच्या शिक्षकांकडून तिच्याच वयाची तिघं मुलं शोधा, रविवारी दिवाणखाना रिकामा करून द्या आणि हायडनचा एखादा सोपा क्वार्टेट वाजवू द्या. भांडली तर मध्ये पडू नका. व्हायोलिनवाली मुलं मिळतील, चेलोवालंही मिळेल. अडेल ते व्हायोलाशी, कारण तो शिकणारे फार थोडे असतात. नाहीच मिळालं कुणी, तर तुमच्याच मुलीला व्हायोला घेऊन द्या. व्हायोलिनवाल्यांना तो लवकर जमतो, आणि चांगल्या व्हायोलावादकाला काम शोधत फिरावं लागत नाही.