‘सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही’

सांगली

चि. सोनू हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, ‘आत्या, इंग्रजी सगळं समजतं गं, फक्त बोलता येत नाही.’ मराठी माध्यमातून आलेल्या किती मुलींकडून हे वाक्य मी ऐकलं असेल! त्याचे दोन्ही अर्धे भाग तपासल्याशिवाय खरे मानू नकोस. पेशंटच्या कपाळाला हात लावून तू चार्ट भरत नाहीस, थर्मामीटर लावतेस. भाषेलाही तसंच काहीतरी लावून पाहावं लागतं.

आधी ‘माझं इंग्रजी कसं आहे?’ हा प्रश्न सोडून दे. तो इतका मोठा आहे, की उत्तर म्हणून फक्त धास्ती मिळते. ‘मला काय करता येतं?’ असं विचार. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषाशिक्षणाची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्या आहेत. स्वतःची पातळी ओळखण्यासाठी तिथे ‘मला अमुक करता येतं’ अशी विधानं दिली आहेत. बोलण्याचेही तिथे दोन भाग केले आहेत: समोरच्याशी संवाद आणि एकटीने सलग बोलणं. एक जमतं म्हणून दुसरं जमेलच असं नाही.

तू तुझ्या वॉर्डातली विधानं लिही. ड्यूटी बदलताना हँडओव्हर देता येतो. डिस्चार्जनंतरची काळजी नातेवाइकांना समजावता येते. फोनवरची ऑर्डर अचूक लिहून घेता येते. प्रत्येकापुढे ‘सहज’, ‘अडखळत’ किंवा ‘अजून नाही’ असं लिही. हा झाला तुझा अंदाज. आता तो पडताळायचा.

ऐकण्यापासून सुरुवात कर, कारण तिथेच आपण जास्त फसतो. विषय ओळखीचा असला की चार शब्द पकडून बाकीचं मन भरून काढतं, आणि वाटतं की सगळं समजलं. बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम लिखित मजकुरासह मिळतो. त्यातला एक मिनिट घे. एकदाच ऐकून काय कळलं ते मराठीत लिही. मग थांबवत थांबवत शब्दन्‌शब्द इंग्रजीत उतरव आणि मजकुराशी ताडून पाहा. नुसत्या चुका मोजू नकोस, त्यांची जात ओळख. शब्दच माहीत नव्हता? तर वाचन वाढव. शब्द माहीत होता, पण बोलण्याच्या ओघात ओळखू आला नाही? तर कानाची सवय कमी आहे, तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐक. ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’ असले लहान शब्द निसटले? इंग्रज माणूस ते गिळूनच बोलतो. आपण मराठीत बहुतेक अक्षरं पुरती उच्चारतो, म्हणून ते आपल्या कानाला सापडत नाहीत.

आकड्यांची परीक्षा वेगळी घे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत गल्लत झाली तर डोस तिपटीहून जास्त होतो. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचीही इथे चूक होते, म्हणून रुग्णालयात आकडा सुटा करून ‘वन फाइव्ह’ असा म्हणतात आणि ऐकणारा तो परत वाचून दाखवतो. पुन्हा विचारणं हे कमी इंग्रजीचं लक्षण नाही. ते नीट विचारता येणं हेसुद्धा तुझ्या यादीतलं एक विधान असू दे.

आता बोलणं. इंग्रजीची पातळी मोजणाऱ्या आयएल्ट्‌सच्या तोंडी परीक्षेत एका भागात विषयाचं कार्ड देतात, तयारीला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटांपर्यंत वेळ. तसंच घरी कर आणि फोनवर रेकॉर्ड कर. लगेच ऐकू नकोस, दुसऱ्या दिवशी ऐक. तेही चार वेळा, कारण परीक्षक चार गोष्टी पाहतो: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. एका वेळी एकच पाहा. ओघ तपासताना कुठे थांबलीस ते बघ. वाक्य संपल्यावर थांबणं साहजिक आहे, वाक्याच्या मध्येच शब्द शोधत थांबणं ही खूण करायची जागा. व्याकरणात ‘शी हॅव’ किंवा ‘डिस्कस अबाउट’ ऐकू आलं तर लिहून ठेव. उच्चारात ‘शिप’ आणि ‘शीप’ वेगळे ऐकू येतात का, ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात का, एवढं पाहा. आपल्या बोलण्याला मराठी वळण असलं तर असू दे. ऐकणाऱ्याला एका दमात कळलं की उच्चार पास.

या सगळ्यातून तुला आपली उणीव कुठे आहे ते कळेल, गुण किती पडतील ते कळणार नाही. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग परिषदेला आयएल्ट्‌समध्ये ऐकणं, बोलणं आणि वाचनाला ७ गुण लागतात, लेखनाला ६.५. त्याऐवजी ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिलीस तर बोलण्याच्या परीक्षेत तुझ्याच कामातले दोन प्रसंग सुमारे पाच-पाच मिनिटं वठवावे लागतात. म्हणून फी भरण्यापूर्वी एखाद्या अनोळखी, जाणत्या माणसाला तुझी सराव परीक्षा घ्यायला सांग. मैत्रिणी नकोत, त्यांना तुझं अर्धं वाक्यही कळतं. त्या परीक्षेआधी स्वतःचे गुण स्वतः लिहून ठेव आणि नंतर ताडून पाहा. तू स्वतःला कमी लेखतेस की जास्त, हे त्यातून कळेल, आणि पुढच्या प्रत्येक अंदाजाला ते उपयोगी पडेल.

कॉन्व्हेंटमधल्या मुलींशी तुलना करत बसू नकोस. आजचं रेकॉर्डिंग तारीख घालून ठेव आणि तीन महिन्यांनी त्याच विषयावर पुन्हा बोल. तुलना करायचीच तर त्या दोन्हींची कर.

येत्या रविवारी पहिलं रेकॉर्डिंग मला पाठव, पण सोबत तुझं स्वतःचं परीक्षण हवं. ते नसेल तर मी रेकॉर्डिंग ऐकणार नाही. कारण तुझ्या चुका मला सापडतीलच, त्या तुला सापडतात का ते मला पाहायचं आहे.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
आत्या