थोरांग ला ओलांडण्याआधी

चि. सोन्यास,

ऑक्टोबरात तू अन्नपूर्णा परिक्रमेला निघतो आहेस हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. तिच्या आवाजात निम्मं कौतुक होतं, निम्मी काळजी. ‘तू त्या बाजूला जाऊन आलीस, तूच त्याला काय ते सांग,’ असं म्हणून तिने फोन ठेवला. म्हणून हे पत्र. सामानाची यादी तुला आयोजकांकडून मिळाली असेल, तीत मी भर घालत नाही. बूट तेवढे इथेच घालून रुळवून घे आणि विम्याचे कागद नीट वाच, कारण पुष्कळ पॉलिसी एका ठरावीक उंचीपर्यंतच लागू असतात आणि तुला साडेपाच हजार मीटरच्या जवळ जायचं आहे.

तुझ्या दमाबद्दल मला शंका नाही. अलंग-मदन-कुलंग तू पाठीवर ओझं घेऊन केलेस, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलास. मला काळजी वाटते ती नेमकी या दमाचीच. ज्याला धाप लागते तो आपोआप हळू चालतो, मध्येच मुक्काम करतो. ज्याचे पाय मजबूत आहेत तो एका दिवसात दोन दिवसांची उंची गाठतो आणि त्याचं शरीर मागेच राहतं. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. तुमच्या वाटेतलं मनांग गावच साडेतीन हजारांच्या वर आहे आणि तुम्ही ओलांडणार ती थोरांग ला ही खिंड 5,416 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. हवेत ऑक्सिजनचा वाटा तिथेही एकवीस टक्केच, पण हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात निम्माच हाती लागतो. याची सवय शरीर करून घेतं: श्वास जलद होतो, मूत्रपिंडं रक्तातली रसायनं जुळवून घेतात, हळूहळू तांबड्या पेशी वाढतात. याला दिवस लागतात आणि सह्याद्रीतल्या कितीही सरावाने ते दिवस कमी होत नाहीत.

पूर्वी ही सवय वाटेतच होऊन जायची. मनांगचं खोरं 1977 मध्ये परदेशी प्रवाशांना खुलं झालं तेव्हा लोक सखल भातशेतीतून चालायला लागत आणि मर्स्यांगदी नदीच्या काठाने दिवसचे दिवस चढत. आता बेसीसहरहून जीप थेट मनांगपर्यंत जाते. सुट्टी कमी असलेली मंडळी तेवढंच अंतर धक्के खात एक-दोन दिवसांत उरकतात आणि मग घाट चढताना डोकं धरून बसतात. तुमचा गट चामेपर्यंत जीपने जाणार असं कळलं. चामे 2,670 मीटरवर आहे, तिथपर्यंत ठीक. त्यापुढे मात्र कुणी ‘वेळ वाचवू या’ म्हणालं तर जीपमध्ये चढू नकोस. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक जास्तीची रात्र त्याच उंचीवर काढायची, हा तिथला साधा हिशेब आहे. दिवसा कितीही वर चढ, रात्री खाली ये.

म्हणूनच पिसांगहून तुमचा गाइड वरच्या वाटेने, घ्यारूवरून नेतो का ते विचार. घ्यारूची चढण दमवणारी आहे, पण तू मनांगच्या उंचीवर एक दिवस आधीच चालून घेतोस आणि वर पोचल्यावर समोर अन्नपूर्णा दोन अशी उभी ठाकते की बसून राहावंसं वाटतं. खालच्या रस्त्याने गेलास तर जीपची धूळ खाशील. त्या भागात पोचलास की आणखी एक गोष्ट लक्षात येईल. पोखराच्या बाजूला लुम्ले नावाचं गाव आहे, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अन्नपूर्णेच्या रांगेमागे आलास की पाऊस संपतो, पाइनची झाडं विरळ होतात आणि काटेरी झुडपं नि मातीच्या सपाट छपरांची घरं सुरू होतात. महाबळेश्वर मागे टाकून माणदेशात उतरावं तसंच, फक्त इथे मधली भिंत सात-आठ हजार मीटरची. हा बदल चालणाऱ्यालाच पावलागणिक कळतो, जीपवाल्याला नाही.

मनांगला एका रात्रीऐवजी दोन रात्री राहा, जमल्यास तीन. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदतकेंद्र आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारावर बोलतात. ते ऐकायला जाच, गटातल्या सगळ्यांना घेऊन जा. विश्रांतीचा दिवस म्हणजे अंथरुणात पडून राहायचा दिवस नव्हे. गंगापूर्णेच्या हिमनदीखालच्या तळ्यापर्यंत किंवा समोरच्या डोंगरावर दोन-चारशे मीटर चढून ये आणि मनांगलाच झोप.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. डोकं दुखायला लागलं तर ते गाइडला सांग. लगेच सांग.

हे लिहायला सोपं वाटतं, तिथे अवघड जातं. मनांगच्या पुढे, याक खर्काच्या एका लॉजमध्ये मी एका मुलाला पाहिलं, तुझ्याच वयाचा असेल. ताटातला दालभात त्याने चिवडून ठेवला होता. गाइडने विचारलं, ‘ठीक?’ तो हसून ‘एकदम ठीक’ म्हणाला. गाइड स्वयंपाकघराकडे वळल्यावर त्याने खिशातून डोकेदुखीची गोळी काढून गुपचूप गिळली. आपल्यामुळे बाकीच्यांचा एक दिवस जाईल, लोक आपल्याला कच्चा म्हणतील, या दोन भीतींनी त्याचं तोंड बांधलं होतं. त्याच्या मैत्रिणीने रात्री धीर करून गाइडला सांगितलं आणि सकाळी त्याला खाली नेलं, म्हणून तो सुखरूप राहिला. गाइड कितीही जाणता असला तरी तुझ्या डोक्याच्या आत त्याला दिसत नाही. तो तुझं ताट बघतो, चाल बघतो, तुझ्या बोलण्याचा वेग बघतो आणि उरलेलं तुझ्याकडून ऐकतो. तू खोटं बोललास की त्याची सगळी विद्या वाया गेली. पैसे भरून गाइड घ्यायचा आणि त्याच्यापासून दुखणं लपवायचं, याला काही अर्थ नाही.

उंचीवर डोकं दुखतंय, सोबत मळमळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा आहे, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. त्या दिवशी वर जायचं नाही. तिथेच थांबून बरं वाटलं तर पुढे, वाढलं तर खाली. दोन गोष्टी मात्र थांबूही देत नाहीत. माणसाचा तोल जायला लागला, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकता येईनात, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर मेंदूला सूज येते आहे. बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला थांबेना, छातीत घरघर वाजू लागली, तर फुप्फुसात पाणी भरतं आहे. दोन्हींवर खरं औषध एकच, खाली उतरणं, आणि तेही त्याच घडीला, मग बाहेर रात्र का असेना. कधी तीनशे मीटर उतरल्यावरही फरक दिसू लागतो, कधी हजार उतरावे लागतात. गोळ्या आणि ऑक्सिजन त्या उतरण्याला मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे इथल्या डॉक्टरांना विचारून ठरव. ती सल्फा गटातली आहे, म्हणून अशा औषधांची तुला लहानपणी ॲलर्जी होती का तेही आईला विचार. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा दारू घेऊ नकोस. रात्री तंबूत किंवा लॉजमध्ये शेजाऱ्याचा श्वास मध्येच थांबून मग जोरात सुरू झाल्यासारखा वाटला तर घाबरू नकोस, त्या उंचीवर झोपेत ते पुष्कळांना होतं.

आणि हेच सगळं तुमचं सामान वाहणाऱ्यालाही लागू आहे. त्याला तिथे भरिया म्हणतात. हे सगळे उंचीवरच जन्मलेले असतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बरेचसे खालच्या शेतकरी गावांतून हंगामी कामाला आलेले असतात आणि त्यांचं डोकं तुझ्यासारखंच दुखतं. तो ते तुझ्याहूनही जास्त लपवतो, कारण त्याचा रोज बुडतो. आजारी भरियाला पैसे देऊन एकट्याला खाली धाडल्याने माणसं दगावली आहेत. अशाच एका तरुणाच्या मृत्यूनंतर 1997 मध्ये भरियांच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. नेपाळात एका माणसाच्या पाठीवर तीस किलोंपेक्षा जास्त ओझं द्यायचं नसतं. तुमच्या थैल्या निघायच्या आधी तोलून घ्या. त्याचे बूट, जाड जॅकेट आणि रात्री झोपायची जागा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आयोजकांना विचारायला संकोच करू नकोस, तू पैसे भरलेत म्हणजे हे विचारणं तुझं कामच आहे. रोज संध्याकाळी गाइडदाइ तुला ‘कसं वाटतंय’ विचारेल, तेव्हा तू भरियाभाईला तेच विचार. तो आजारी पडला तर त्याच्याबरोबर कुणीतरी खाली जायलाच हवं, मग तुमचा घाट चुकला तरी चालेल.

घाटाच्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास निघतात, कारण दिवस चढला की खिंडीत वारा सुटतो आणि पलीकडे मुक्तिनाथपर्यंत सोळाशेहून अधिक मीटर उतरायचं असतं. गुडघ्यांची कसोटी चढावर नाही, त्या उतारावर लागते, तेव्हा काठ्या जवळ ठेव. हवा मात्र आदल्या संध्याकाळी बघायची. 12 ऑक्टोबर 2014 रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांत त्याचा उरलेला ओलावा अन्नपूर्णेवर बर्फ होऊन कोसळला. थोरांगच्या आसपास आणि शेजारच्या डोंगरांत मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यांत परदेशी प्रवासी होते, आपल्याकडचे होते आणि नेपाळी गाइड-भरियाही होते. हंगाम ऐन भरातला, आधीचे दिवस निरभ्र. म्हणून गाइड ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालायची नाही आणि गटातला दुसरा कुणी घालत असेल तर तू गाइडच्या बाजूने बोल. एकटा माणूस वीस जणांच्या आग्रहापुढे वाकतो. शेजारी एक जण उभा राहिला तर तो टिकतो.

खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला उभा राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. मंत्र कोरलेल्या दगडांची मणीभिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जा. पाणी उकळलेलं किंवा क्लोरीनची गोळी टाकलेलं.

मुक्तिनाथला आपल्याकडची मंडळी भेटतील, यात्रा कंपन्यांबरोबर आलेली. त्यांतली बरीच पोखराहून, म्हणजे आठशे मीटरवरून, एक-दोन दिवसांत तिथे 3,700 वर पोचलेली असतात. कुणी आजी-आजोबा पायरीवर बसून कपाळ दाबत असतील तर नमस्कार करून विचार आणि त्यांच्या माणसांना सांग की हे नुसतं दगदगीचं दुखणं नसेल, आज रात्री खाली जोमसोमला झोपवा. तिथल्या एकशे आठ धारांखाली अंघोळ करायची हौस तुलाही होईल. दोन दिवसांचा थकवा अंगात असताना त्या बर्फासारख्या पाण्यात उतरू नकोस, हात-पाय धुतलेस तरी पुरे. आजीने शाळिग्राम मागितला आहे, तो एक घे. हिमालय उठण्यापूर्वी तिथे टेथिस समुद्र होता, त्यातल्या शंखासारखं कवच असलेल्या जिवांचे हे दगड झालेले ठसे, काळी गंडकीच्या पात्रात सापडतात. पण पिशवीभर घेऊन ते ओझं भरियाच्या डोक्यावर चढवू नकोस.

काळी गंडकीच्या खोऱ्यात दुपार होता होता असा वारा सुटतो की जोमसोमची विमानं सकाळीच उडतात आणि हवा बिघडली तर तीही रद्द होतात. म्हणून शेवटची आणि सगळ्यांत महत्त्वाची विनंती. तुझं परतीचं तिकीट तुमचा कार्यक्रम संपतो त्याच्या दुसऱ्याच दिवसाचं आहे असं तुझी आई म्हणाली. ते बदल. ऑफिसात तीन दिवस जास्त माग, नाही मिळाले तर जाणं पुढच्या वर्षीवर टाक. तिकीट जवळ आलं की शहाणी माणसंही डोकेदुखी लपवतात, गाइडशी भांडतात, वाईट हवेत निघतात. हातात मोकळे दिवस असतील तर मी वर लिहिलेलं सगळं तुला सहज पाळता येईल.

तिकीट बदललंस की मला कळव. आयोजकांशी मनांगच्या जादा रात्रीबद्दल बोलताना अडचण आली तर माझा फोन त्यांना दे, मी बोलेन.

तुझी,
मावशी