जुन्या मोटारीची शर्यतगाडी
अमेरिकेंत १९३२ सालीं निघालेल्या फोर्ड मोटारीचें आठ सिलिंडरांचें एंजिन ६५ अश्वशक्तीचें होतें. हौशी तरुण तीच गाडी घरीं शर्यतीस सिद्ध करूं लागले. शर्यत अवघी पाव मैल, म्हणजे १३२० फूट. पण उभ्या जागेवरून! प्रथम मडगार्ड उतरवून वजन घटवितात. एंजिनाची शक्ति वाढविणें हें मात्र अर्धेंच काम होय. गाडी झेप घेते तेव्हां भार मागील चाकांवर सरकतो. तीं जमीन धरीनात तर जागींच गरगरतात, आणि ती सारी शक्ति रबर जाळण्यांत जाते. म्हणून मागें रुंद, मऊ टायर. शिवाय वाढलेला ताण क्लच व गिअर-बॉक्स यांवर पडतो. तेथें पोलादी कवच हवेंच. १९७० सालीं प्रसिद्ध शर्यतपटु डॉन गार्लिट्स यांच्या पायांमधील गिअर-बॉक्स फुटला व उजव्या पावलाचा भाग तुटला. पुढील गाडींत त्यांनीं एंजिनच पाठीमागें बसविलें.