शत्रूच्या घरी आठवडाभर मुक्काम

प्रश्न : माझा भाचा जर्मनीत नववीत आहे. शाळेने त्यांच्या वर्गाला आठवडाभर फ्रान्सला नेलं आणि हॉटेलात न ठेवता तिथल्या मुलांच्या घरी ठेवलं. पुढे ती मुलं यांच्याकडे राहायला आली. ताई म्हणते, यातून मुलं ‘युरोपचे नागरिक’ होतात. असं काही नागरिकत्व असतं का? आणि आमच्या भिवंडीच्या पोरांना अशी संधी मिळेल का?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : असतं, आणि तेही कायद्याने. १९९२ साली झालेला मास्ट्रिख्ट करार १ नोव्हेंबर १९९३ला अमलात आला, तेव्हापासून युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचा नागरिक आपोआप संघाचाही नागरिक असतो. जर्मन माणूस पोर्तुगालमध्ये नोकरी करू शकतो, राहतो तिथल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. तुमच्या भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर मात्र हे नागरिकत्व त्याला नाही. तरीही तो गेला, कारण अशा भेटीत नाव शाळेच्या पटावर आहे की नाही एवढंच सहसा पाहतात. मामाने काळजी करू नये.

पण सहल आणि ही भेट यांत मोठा फरक आहे. १८७०, १९१४, १९३९ : सत्तर वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीनदा एकमेकांवर तुटून पडले. शेवटचं युद्ध संपून पुरती वीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा २२ जानेवारी १९६३ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये मैत्रीचा करार केला. त्याच वर्षी दोन्ही सरकारांनी मिळून तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी एक कार्यालय काढलं. आजवर ९० लाखांहून अधिक मुलं-तरुण त्याच्या कार्यक्रमांतून गेले. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, त्यांची नातवंडं एका टेबलावर जेवू लागली. जर्मन घरात रात्री बऱ्याचदा पाव-चीजवर भागवतात, फ्रेंच घरात रात्रीचं गरम जेवण तासभर चालतं. पहिली अडचण म्हणे इथेच येते.

मला यातली सर्वांत आवडती गोष्ट एका पाठ्यपुस्तकाची आहे. कराराला चाळीस वर्षं झाली म्हणून २००३ साली बर्लिनमध्ये दोन्ही देशांच्या मुलांची युवा संसद भरली. तिथे मुलांनीच मागणी केली, की आम्हाला इतिहासाचं एकच पुस्तक द्या. मोठ्यांनी ती मनावर घेतली. दोन्हीकडच्या इतिहासकारांनी एकत्र बसून लिहिलेल्या पुस्तकाचा पहिला खंड २००६मध्ये निघाला, फ्रेंच आणि जर्मन दोन्ही भाषांत, मजकूर एकच. आपल्याकडे एका राज्यातल्या एका पुस्तकाच्या एका धड्यावरून काय रणकंदन होतं, ते आठवून पाहा!

बाकी कार्यक्रम बरेच आहेत. १९८७मध्ये महाविद्यालयांसाठी सुरू झालेल्या ‘इरॅस्मस’च्या छत्राखाली आता शाळाही येतात. ‘युरोस्कोला’त मुलं स्ट्रासबुर्गच्या युरोपीय संसदेत एक दिवस खासदार होऊन बसतात.

आता भिवंडी. युरोपीय संघाच्या शालेय योजना मुळात तिथल्या आणि सहभागी देशांच्या शाळांसाठी आहेत. आपल्या मुलांसाठी ‘इरॅस्मस मुंडुस’ शिष्यवृत्ती आहे, पण ती पदव्युत्तर शिक्षणाला. शाळकरी वयात परदेशी कुटुंबात राहायचं तर ‘एएफएस’ ही संस्था आहे. पुणे जिल्ह्यात पौडजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात १९९७पासून अनेक देशांची मुलं एकत्र शिकतात. निवड कडक, आणि शिष्यवृत्ती नसेल तर खर्च भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराच्या आवाक्याबाहेरचा.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. युरोपकडून उचलायचीच तर विमानाची तिकिटं नकोत, शेजाऱ्याकडे राहायला जाण्याची कल्पना उचला. तुमच्या गावात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू माध्यमांच्या शाळा आहेत. एकाच नाक्यावरून येणारी मुलं दहा वर्षं शिकतात आणि एका बाकावर कधी बसत नाहीत. याच गावाने १९७० आणि १९८४च्या हिंदू-मुस्लीम दंगली पाहिल्या. आणि याच गावात १९८८पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या, नियमित बैठका घेतल्या. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. मोठ्यांच्या बाबतीत जमलेलं हे काम शाळांमधून पुढे न्यायला हरकत कोणाची?

उर्दू शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आठवडाभर मराठी शाळेत बसायचं, पुढच्या आठवड्यात उलट. दोघांनी मिळून कामवारी नदीच्या पाण्यावर एक प्रकल्प करायचा. मुक्काम नको असेल तर दुपारचा डबा तरी एकत्र खावा. खर्च रिक्षाभाड्याचा. तुमची मुलं पालिकेच्या शाळेत असतील तर तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच मांडा, आणि भाच्याला फोनवर विचारून त्याच्या शाळेचं आठवड्याचं वेळापत्रक मागवून घ्या.