पोलीस गाडीच्या धडकेत भाऊ गेला. दाद कुठे मागायची?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ वेल्डिंगचं दुकान बंद करून रात्री दहाच्या सुमारास मोटारसायकलवरून घरी येत होता. समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या पोलीस व्हॅनने त्याला उडवलं. सायरन वाजत नव्हता, वरचा दिवाही बंद होता, असं नाक्यावरचा टपरीवाला सांगतो. भाऊ जागीच गेला. वय ३८. मागे बायको, दोन मुलं आणि आमची आई. ठाण्यात आधी नुसती 'एडी' दाखल झाली. चौथ्या दिवशी कळलं, की भावानेच भरधाव येऊन व्हॅनला धडक दिली अशी फिर्याद व्हॅनमधल्याच हवालदाराने दिली आहे आणि गुन्हा माझ्या मयत भावावर नोंदवला आहे. आता एक ओळखीचे गृहस्थ 'दोन लाख मिळवून देतो, तक्रार नाही असं प्रतिज्ञापत्र करून द्या' म्हणून मागे लागलेत. पोलिसांविरुद्ध पोलिसांकडे जायचं तरी कसं? आणि सरकारी गाडीला विमा नसतो म्हणे, मग भरपाई कोण देणार?
(एक वाचक, नाव-गाव छापू नये अशी विनंती)

उत्तर : त्या प्रतिज्ञापत्रावर घरातल्या कुणीही सही करू नका. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं (भारतीय न्याय संहिता, कलम १०६(१), शिक्षा पाच वर्षांपर्यंत) हा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही. सही केलेला कागद मात्र पुढे उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यायला आणि भरपाईच्या दाव्यात तुम्हाला गप्प करायला वापरला जाईल.

'एडी' ही अकस्मात मृत्यूची नोंद. मृत्यू कशामुळे झाला एवढंच त्या चौकशीत पाहतात, गुन्ह्याच्या नोंदीची जागा ती घेऊ शकत नाही. मयतावरच गुन्हा नोंदवण्याचा प्रकार पाहिला की मला चीड येते. बाजू मांडायला तो माणूस उरलेला नसतो आणि 'आरोपी मयत' म्हणून 'अबेटेड समरी' पाठवून फाईल बंद करता येते. तुम्ही तक्रार घेऊन गेलात की सांगतील, एकाच घटनेचा दुसरा गुन्हा नोंदवता येत नाही. ते तुमच्या बाबतीत खरं नाही. घटनेची उलट हकिकत सांगणारी, समोरच्या बाजूची फिर्याद नोंदवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने उपकार सिंग विरुद्ध वेद प्रकाश (२००४) या निकालात स्पष्ट केलं आहे.

ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(४)) आणि पोच जपून ठेवा. तपास त्याच ठाण्याकडे न ठेवता दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सीआयडीकडे द्यावा, ही मागणी त्यातच करा. तरी हालचाल झाली नाही, तर कलम १७५(३) खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. समोर लोकसेवक असल्याने दंडाधिकारी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवू शकतात, म्हणून थोडा वेळ जाईल. 'शासनाची मंजुरी आणा' असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. गुन्हा नोंदवायला आणि तपासाला मंजुरी लागत नाही. तो प्रश्न न्यायालय दखल घेतं तेव्हा येतो आणि मंजुरीवर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असं कलम २१८ प्रमाणे धरलं जातं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ मात्र लक्षात ठेवा. पदाच्या अधिकाराआड केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांत खटला हवा, शासनाच्या मंजुरीने दोन वर्षांपर्यंत, असं ते सांगतं. बेफाम गाडी चालवणं त्यात बसत नाही असा युक्तिवाद करता येईल, पण तो वाद अंगावर घेण्यापेक्षा मुदतीत हालचाल करा.

खरी लढाई पुराव्याची आहे आणि हे दिवस फार मोलाचे आहेत. दुकानांचे आणि पेट्रोल पंपाचे सीसीटीव्ही थोड्या दिवसांत पुसले जातात. आजच जाऊन चित्रण मागा आणि ज्याच्या यंत्रातून ते घेतलं त्याच्याकडून साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र घ्या. टपरीवाल्याचा जबाब पोलिसांनी घेतला नसेल, तर त्याचं नाव आणि त्याने पाहिलेलं तुमच्या अर्जात लिहा. मग पोलिसांच्या स्वतःच्या नोंदी. त्या रात्रीचं व्हॅनचं लॉगबुक, ठाणे दैनंदिनी, ड्यूटीचा तक्ता, नियंत्रण कक्षाशी झालेलं वायरलेसवरचं बोलणं आणि गाडी ११२ ची असेल तर तिच्या जीपीएसची नोंद जतन करावी, असं अधीक्षकांना लेखी कळवा. आरटीओच्या निरीक्षकाने तपासणी करेपर्यंत व्हॅन दुरुस्तीला सोडू नये, हेही लिहा. पुढचा बंपर, हेडलाइट बदलून टाकले की धडक कोणत्या बाजूने बसली हे कोण सांगणार? चालकाच्या रक्ताचा नमुना किती वाजता आणि कुठे घेतला, हे आवर्जून विचारा. पुण्यात मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या पोर्श अपघातात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली होती आणि घटना वरिष्ठांना वेळेत न कळवल्याबद्दल येरवडा ठाण्यातले दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले होते.

'तातडीच्या कामावर होतो' हा बचाव येणारच. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी पोलीस गाडीला सिग्नल ओलांडण्याची, वेगमर्यादा मोडण्याची सवलत दिली आहे, पण ती काम खरंच तातडीचं असताना, सायरन-दिवा चालू ठेवून आणि पुरेशी काळजी घेऊनच. सायरन बंद होता हे सांगणारा साक्षीदार म्हणूनच सोन्यासारखा. शिवाय ज्यांच्याकडे मोटार वाहन कायद्याची अंमलबजावणी आहे, त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट, असं त्या कायद्याचं कलम २१०ब सांगतं.

आता भरपाई. सरकारी कामाच्या गाडीला विम्याच्या सक्तीतून सूट आहे हे खरं. पण त्यामुळे भरपाई बुडत नाही, ती थेट राज्य शासनाला द्यावी लागते. उदयपूरच्या कलेक्टरची जीप १९५२ मध्ये दुरुस्तीहून परत आणताना सरकारी चालकाने एका पादचाऱ्याला धडक दिली आणि तो माणूस गेला. 'आम्ही राज्य आहोत, आमच्यावर जबाबदारी नाही' हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये विद्यावती खटल्यात फेटाळलं. तुम्ही राज्य शासन आणि चालक यांना प्रतिवादी करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ चा दावा करा. राहत्या जिल्ह्यातही तो चालतो. मुदत अपघातापासून सहा महिने. तिला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात आहे, पण त्या भरवशावर बसू नका. पोलिसांच्या अपघात अहवालावरही न्यायाधिकरण दावा चालवू शकतं, मात्र इथे तो अहवाल तुमच्या भावाला दोषी ठरवूनच येईल. म्हणून दावा स्वतःचा हवा. फौजदारी खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा इथे लागत नाही.

रक्कम किती होते ते पाहा. दुकानाचं उत्पन्न महिना १८,००० धरू. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २५,२००. अवलंबून चौघं, म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले १८,९००. गुणिले १२, गुणिले वयानुसार १५ : ३४,०२,०००. सहवास, अंत्यविधी यांच्या रकमा आणि व्याज याहून वेगळं. दोन लाखांशी ताडून पाहा. उत्पन्न दाखवायला बँकेचं पासबुक, दुकानाचं वीजबिल, लोखंडाच्या खरेदीच्या पावत्या, यूपीआयचे व्यवहार गोळा करा.

चालकाचं निलंबन झालं तर ती शिक्षा नव्हे, विभागीय चौकशीचा निकाल लेखी मागत राहा. गंभीर कायदाभंगासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येतं, पण त्यासाठी दावा आणि फिर्याद थांबवू नका.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर भावजयीच्या नावाने जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना गुन्ह्याची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मुलांचे जन्मदाखले सोबत न्या.