महागड्या मुंबईत स्वस्त जेवण येतं कुठून?

प्रश्न : मुलाची परीक्षा अंधेरीला आहे. आम्ही दोघे परभणीहून चार दिवसांसाठी येत आहोत. उतरणार घाटकोपरला ओळखीच्यांकडे, पण त्यांच्यावर जेवणाचा भार टाकायचा नाही. माणशी दिवसाला 300 रुपयांत भागेल का? शिवाय एक कुतूहल आहे. ज्या शहरात साधी खोली भाड्याने घेणं परवडत नाही, तिथे वीस रुपयांत भूक भागते ती कशी?
– एक वाचक, परभणी

उत्तर : भागेल. पण आधी तुमच्या कुतूहलाकडे वळतो, कारण कुठे जेवायचं हे त्यातूनच कळेल.

मुंबईत स्वस्त जेवण उभं राहिलं ते स्वयंपाकघर नसलेल्या माणसासाठी. कोकणातून, घाटावरून गिरण्यांत आलेले पुरुष बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत आठ-दहा जण राहत. चूल मांडायला जागा नसे आणि पाळीमुळे वेळही नसे. त्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खानावळी गिरणगावातल्या बायकांनी चालवल्या. पगार महिन्याने, किराणा मात्र रोजचा, म्हणून या बायका सावकाराच्या कर्जात अडकत. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मुंबईच्या जेवणाचा इतिहास लिहिताना मोठ्या हॉटेलांच्या आधी या बायकांचं नाव यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांची गरज उडुप्यांनी ओळखली. ए. रामा नायक यांनी 1942 मध्ये माटुंग्याला सुरू केलेलं भोजनालय आजही चालू आहे. वडापावचं श्रेय दादर स्टेशनबाहेर 1966 मध्ये गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना दिलं जातं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि कामगारांच्या कितीतरी घरांनी वडापावच्या गाडीवर संसार ओढला. सरकारनेही हात घातला. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी : दोन चपात्या, भाजी, वरण, भात. ही थाळी दुपारच्या ठरावीक वेळेतच मिळते आणि केंद्रं कमी-जास्त होत असतात, तेव्हा जवळपास सध्या कुठे चालू आहे ते स्थानिकांना विचारूनच निघा.

आता हिशोब बघा. वडापाववाल्याकडे बसायला जागा नसते, ताटली नसते, वाढपी नसतो. एक कढई, बेकरीतून आलेली लादी आणि कागदाचा तुकडा. गिऱ्हाईक दोन मिनिटांत पुढे सरकतं, म्हणून तो थोड्या नफ्यावर विकू शकतो. उडुपी हॉटेलात सकाळच्या एकाच पिठातून इडली, डोसा, उत्तप्पा निघतात आणि जेवणाच्या वेळी एका टेबलावर तासाभरात तीन-चार पंगती उठतात. जागेचं भाडं असं अनेकांत वाटलं जातं. हे जेवण हलक्या मालामुळे स्वस्त पडत नाही, वेगामुळे पडतं. उलट जिथे गर्दी नाही, तिथे माल पडून राहतो. स्वस्त खाताना रिकाम्या दुकानापेक्षा रांग असलेली गाडी अधिक भरवशाची, ती याचसाठी.

उपनगरांत आज गिरणी कामगार नाही, पण स्वयंपाकघराला पारखा माणूस आहेच. रिक्षावाले, पहारेकरी, पार्सल पोचवणारी मुलं, अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत आणि 1973 पासून चालू असलेल्या सीप्झमध्ये कामाला येणारे हजारो लोक. ते जिथे आणि ज्या वेळी जेवतात, तिथेच तुम्ही जेवा.

सकाळी स्टेशनबाहेर स्टीलचे डबे घेऊन पोहे, उपमा, शिरा, साबुदाणा खिचडी विकणारे उभे असतात. यांचा धंदा ऑफिसच्या गर्दीपुरता असतो, उशीर केलात की डबे रिकामे. इडली-मेदूवडेवालेही त्याच वेळी दिसतील. त्यांतला बराच माल धारावीतली तमिळ कुटुंबं पहाटे उठून करतात आणि तिथून तो शहरभर जातो. एक बशी आणि कटिंग, साधारण पन्नास रुपयांच्या आत.

दुपारचं जेवण मात्र नीट बसून करा, परीक्षा देणाऱ्या मुलासाठी तर नक्कीच. अंधेरी स्टेशनच्या दोन्ही बाजूंना उडुपी हॉटेलं आहेत. तिथे ‘राईस प्लेट’ मागा. पोळ्या किंवा पुऱ्या, दोन भाज्या, डाळ, भात, ताक असं साधारण दीडशेच्या आत मिळतं. एक गोष्ट बाहेरगावच्या माणसाच्या लक्षात येत नाही. अनेक हॉटेलांत वातानुकूलित खोलीचं दरपत्रक वेगळं आणि महाग असतं, स्वयंपाकघर मात्र तेच. सरळ बाहेरच्या भागात बसा. मासे खाणारे असाल तर मालवणी खानावळीत सुरमई-पापलेटकडे न वळता बांगड्याची थाळी घ्या. ती बरीच स्वस्त पडते आणि ताजा बांगडा चवीला कुणाहून कमी नाही.

घाटकोपरला उतरणार म्हणजे वल्लभबाग लेनची खाऊगल्ली तुम्हाला कुणीतरी दाखवणारच. घाटकोपर पूर्वेला संध्याकाळी ती भरते. गुजराती-जैन वस्तीमुळे जवळजवळ सगळं शाकाहारी, कांदा-लसूण नसलेलंही सहज मिळतं. पाणीपुरीपासून नाना तऱ्हेच्या डोशांपर्यंत सगळं आहे. जरूर जा, पण पोट भरायला म्हणून जाऊ नका. चीज घातलेल्या एका डोशाच्या पैशांत दुपारची राईस प्लेट होते. तिथे दोघांत एक साधा मसाला डोसा घ्या आणि गल्ली फिरून या. पाणीपुरी परीक्षा झाल्यावर.

रात्रीसाठी माझी पहिली पसंती पोळी-भाजी केंद्राला. पार्ले, मुलुंड, बोरिवली या भागांत ती बरीच आहेत. बहुतेक ठिकाणी घरगुती चालीवर बायकाच स्वयंपाक करतात. मोजून पोळ्या घ्या, एक भाजी दोघांत पुरते, शिवाय कधी आमटी, कधी भाकरी. शंभर रुपयांच्या आत एका माणसाचं जेवण होतं. ओळखीच्यांकडे नेऊन सगळ्यांनी मिळून खाल्लंत तर त्यांनाही संकोच वाटणार नाही. उशीर झालाच तर भुर्जी-पावच्या गाड्या रात्रीपर्यंत असतात. परीक्षेनंतर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जायचा बेत असेल तर पोळी-भाजी बांधून घेऊनच निघा. मुलुंडला गेलात तर फरसाणाच्या दुकानातला ढोकळा दुपार भागवतो.

अंधेरी पश्चिमेच्या चार बंगला भागात गुरुद्वारा आहे, तिथे लंगर असतो. डोकं झाकून, हात-पाय धुऊन पंगतीत बसायचं, कुणाला जात-धर्म विचारला जात नाही. पैसे वाचवायची युक्ती म्हणून मात्र जाऊ नका. दर्शन घ्या, जेवा आणि जमेल ती सेवा करा.

घाटकोपर ते अंधेरी जाण्यासाठी मेट्रो आहे, 2014 पासूनची. दादरला उतरून गाडी बदलण्याची गरज नाही. त्यात वाचलेला वेळ जेवणाला द्या. धावतपळत वडापाववर चार दिवस काढू नका, मुलाला तर मुळीच काढायला लावू नका. तिन्ही वेळचं जेवण, मधे एखादा वडापाव आणि चहा धरूनही 300 च्या आसपासच बसतं.

प्रश्न : बिलात कर आणि ‘सर्व्हिस चार्ज’ लावतात. दोन्ही द्यावेच लागतात का?

उत्तर : साध्या उपाहारगृहात जीएसटी 5 टक्के. तो नोंदणी असलेल्या हॉटेलने लावला तर द्यावा लागतो. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या हॉटेलाला मात्र गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. तो बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. शांतपणे काढून टाकायला सांगा. वाढप्याला खूश होऊन दिलेले दहा रुपये वेगळे, ते जरूर द्या.

जाता जाता एक विनंती. दुपारी एक ते दोनच्या गर्दीत तुमच्या टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसला तर सरकून जागा द्या आणि जेवण झालं की लगेच उठा. त्याची जेवणाची सुट्टी बहुधा अर्ध्या तासाचीच असते.